किल्ली, गाडी आणि जबाबातलं नाव

(पत्रातले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पोलिसांनी दिलेली तारीख जवळ होती, म्हणून हे उत्तर पत्र लिहिणाऱ्या ताईंना आधीच ईमेलने पाठवलं. अशाच पेचात सापडलेल्या इतरांसाठी ते इथे देत आहोत.)

प्रश्न: माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे, अकरावीत शिकतो. गेल्या गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंची गोळी संपली म्हणून मीच त्याला मेडिकलमध्ये पाठवलं. मिस्टरांच्या १२५ सीसी स्कूटरची किल्ली मीच हातात दिली. वळणावर एका पायी चाललेल्या गृहस्थांना धडक बसली. मुलगा थांबला आणि लोकांनी त्यांना रिक्षात घातलं तेव्हा तोही दवाखान्यात गेला. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. पोलिसांनी गाडी नेली आणि सोमवारी जबाबाला बोलावलं आहे. धाकटे दीर म्हणतात, "माझ्याकडे लायसन आहे, मी चालवत होतो असं सांगतो. इन्शुरन्स मिळेल आणि पोराचं करिअर वाचेल." ओळखीच्या एका वकिलांनीही तेच सुचवलं. सासूबाई म्हणतात, पोर अजाण आहे. मिस्टर म्हणतात, चूक त्याची, भोगू दे. मला वाटतं गुन्हेगार मीच. मुलगा धड जेवत नाही. खरं जबाबदार कोण?

उत्तर:

ताई,

सोमवार तोंडावर आहे, म्हणून आधी भाऊजींचं बोलू. त्यांचं नाव जबाबात जाता कामा नये. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण त्या एका वाक्याने आज कुणावर नाहीत असे गुन्हे घरातल्या तीन-चार जणांवर येतात. शिवाय ते वाक्य टिकणारही नाही.

का टिकणार नाही ते पाहा. तुमचा मुलगा जखमीसोबत दवाखान्यात गेला. अपघाताचा रुग्ण आला की कॅज्युअल्टीत त्याची एमएलसी, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते. त्या केसपेपरवर 'हिस्ट्री' म्हणून काय घडलं ते एक-दोन ओळींत लिहितात आणि रुग्णाला कुणी आणलं त्याचं नाव लिहितात. त्या रकान्यात तुमच्या मुलाचं नाव असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते गुरुवारी संध्याकाळीच, कुणी काही ठरवायच्या आधी लिहिलं गेलं आहे. जखमी गृहस्थांनी चालवणाऱ्याला पाहिलं आहे. रिक्षावाल्याने पाहिलं, जमलेल्या लोकांनी पाहिलं. मेडिकलच्या दारात सीसीटीव्ही असेल. भाऊजींचा मोबाइल त्या वेळी कुठल्या टॉवरखाली होता हे कंपनीच्या रेकॉर्डवर आहे. एवढ्या सगळ्यांशी जुळेल अशी गोष्ट रचणं सराईतालाही जमत नाही.

आता हिशेब. झालेल्या अपघाताला भारतीय न्याय संहितेची मुख्यतः दोन कलमं लागतात. कलम २८१ म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन चालवणं, कमाल शिक्षा ६ महिने. कलम १२५(ब) म्हणजे निष्काळजी कृतीने गंभीर दुखापत, कमाल ३ वर्षं. हाड मोडणं कायद्याने 'गंभीर दुखापत'च ठरतं. या शिक्षा सज्ञान माणसासाठी आहेत. तुमच्या मुलाचं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं, ते पुढे सांगतो.

भाऊजी खोटं बोलले तर काय जमा होतं? सरकारी नोकराला खोटी माहिती देणं, कलम २१७, १ वर्षापर्यंत. खऱ्या गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं, कलम २३८. मूळ गुन्हा इतपत असेल तर त्याच्या कमाल शिक्षेच्या पाव हिश्श्यापर्यंत. लायसनधारकाचं नाव सांगून विमा कंपनीला पैसे द्यायला लावलं की कलम ३१८(४), फसवणूक, ७ वर्षांपर्यंत. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या दावा न्यायाधिकरणात शपथेवर तेच सांगितलं की कलम २२९, खोटा पुरावा, पुन्हा ७ वर्षांपर्यंत. घरात बसून हे सगळ्यांनी मिळून ठरवलं तर कटाचं कलम ६१. म्हणजे कमाल ३ वर्षांच्या प्रकरणातून सुटण्यासाठी ७ वर्षांची दोन कलमं अंगावर ओढून घ्यायची, तीही मुलगा सोडून घरातल्या सज्ञान माणसांनी, ज्यांना बालन्याय कायद्याचं (१८ वर्षांखालच्यांसाठीचा वेगळा कायदा) कुठलंच संरक्षण नाही.

पुण्यातलं कल्याणीनगरचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. तिथे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आणि घरच्या ड्रायव्हरवर 'मी चालवत होतो' असं सांगण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप झाला. मुलाच्या आईला अटक झाली ती या नमुन्याच्या आरोपावरून. ती गाडीत नव्हती. आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवेल. तुमचं प्रकरण त्यापुढे फार लहान आहे. पण मोठ्यांना कोठडीपर्यंत नेणारी वाट अपघातानंतरच्या तासांत सुरू होते, एवढं त्यावरून दिसतं.

त्या वकिलांविषयी. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, पण बेकायदा काम तडीस नेण्यासाठी झालेलं बोलणं त्या संरक्षणात येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्येच हा अपवाद लिहिला आहे. उद्या हे फुटलं तर वकीलसाहेब 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणतील आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. दुसरा वकील करा. खरं तर दोन करा, एक मुलासाठी आणि एक तुम्हा दोघांसाठी. हा खर्चाचा हट्ट नाही. 'आईने पाठवलं म्हणून गेलो' हा मुलाच्या बाजूचा मुद्दा आहे आणि तोच तुमच्या विरुद्धचा पुरावा आहे. एकच वकील दोन्ही टोकं धरू शकत नाही, धरायला गेला तर बहुधा फी देणाऱ्याच्या बाजूला झुकतो. पैशाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तुम्ही आणि मुलगा दोघेही त्यात बसता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. आजच लावा.

आता तुमचा मूळ प्रश्न. जबाबदारी ही एकच वस्तू आहे आणि ती कुणा एकाच्या डोक्यावर ठेवायची आहे, असं घरातले सगळे धरून चालले आहेत. कायदा तसं धरत नाही, आणि इथे कायद्याची वाटणी बरीच शहाणपणाची आहे.

धडकेचा गुन्हा, म्हणजे २८१ आणि १२५, मुलाचा आहे. तो तुम्हाला स्वतःवर घेता येत नाही, कितीही इच्छा असली तरी. सासूबाईंचं 'अजाण' हे प्रेम झालं. कायद्यात ७ वर्षांखालचं मूल गुन्हा करूच शकत नाही. ७ ते १२ मध्ये त्याला समज होती का ते पाहतात. साडेसोळाव्या वर्षी तो प्रश्नच उरत नाही. लायसन नाही हे त्याला ठाऊक होतं आणि वळणावर वेग त्याच्याच मुठीत होता.

किल्लीचा गुन्हा मोठ्यांचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने त्या कायद्याखालचा गुन्हा केला (बिनालायसन गाडी चालवणं हाच एक) तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याखेरीज ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही. पालकाची संमती होती असं कोर्ट गृहीतच धरतं. 'माहीत नव्हतं' किंवा 'होईल तेवढी काळजी घेतली होती' हे सिद्ध करण्याचं ओझं पालकावर. १६ व्या वर्षी गाडी चालते असा एक समज आहे. तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरता, तोही रीतसर लायसन काढलं असेल तर. १२५ सीसीला लागू नाही.

म्हणजे तुमचं 'गुन्हेगार मीच' निम्मं बरोबर आहे. किल्ली तुमची, धडक त्याची. मिस्टरांचं 'भोगू दे' मात्र जमेस धरता येत नाही. गाडी त्यांच्या नावावर आहे. आणि तुमच्या पत्रात नसलेला एक प्रश्न आहे: मुलाला स्कूटर चालवायला शिकवलं कुणी? पहिल्यांदा बसलेला मुलगा संध्याकाळच्या रहदारीत मेडिकलपर्यंत जात नाही. गल्लीत, मैदानावर कुणीतरी मागे बसून शिकवलं असेल, मग 'जवळच जाऊन ये' झालं असेल, आणि कुणी हटकलं नसेल. मिस्टरांना हे माहीत असेल तर 'माझ्या माहितीशिवाय' हा बचाव त्यांनी घेऊ नये. शेजाऱ्यांना एक प्रश्न विचारला की तो संपतो. भाऊजींचा आजघडीला यात काहीही दोष नाही, त्यांनी तो सोमवारी मिळवू नये. सासूबाईंना गोळी हवी होती, एवढंच. त्यांना यात ओढू नका, आणि घरात त्यांना ऐकवूही नका.

भाऊजींचं नाव टळलं की दुसरी पळवाट कुणीतरी सुचवेल: किल्ली खिळ्याला होती, तो न सांगता घेऊन गेला. हे वाक्य फार सोपं आहे आणि १९९-अ मधून तुम्हाला सोडवणारं आहे. म्हणूनच जास्त धोक्याचं. त्याने तुम्ही सुटता आणि मुलगा चोरून गाडी नेणारा ठरतो. मुलाचं प्रकरण ज्या बालन्याय मंडळापुढे जातं त्याचा परिवीक्षा अधिकारी मुलाशी स्वतंत्र बोलतो, घरी येतो, शाळेत विचारतो आणि सामाजिक तपास अहवाल देतो. तिथे मुलाला एक तर आईला खोटं पाडावं लागेल किंवा न केलेली गोष्ट कबूल करावी लागेल. तुमच्यावरचं कलम कमी करण्यासाठी त्याच्यावर ही पाळी आणू नका.

खरं बोलायचं म्हणजे सगळं एका दमात ओकायचं असंही नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटं बोलण्याचा नाही. या दोन्हींत गल्लत झाली की माणसं अडकतात. मात्र गाडी कोण चालवत होतं ही माहिती पोलिसांनी मागितल्यावर मालकाने द्यायची असते, वाहन कायद्याच्या कलम १३३ ने. म्हणून मिस्टरांनी मुलाचं नाव सांगायचंच. किल्लीबद्दल तुम्ही काय, किती आणि केव्हा सांगायचं ते तुमच्या वकिलाशी ठरवून सांगा.

सोमवारची तयारी. तुम्ही स्त्री आहात, त्यामुळे साक्षीदार म्हणून जबाबासाठी पोलिसांनी तुम्हाला ठाण्यात बोलावायचं नसतं, राहत्या ठिकाणी यायचं असतं; तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. आरोपी म्हणून बोलवायचं असेल तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस हवी. फोनवरच्या 'या' म्हणण्यावर न जाता नोटीस मागा आणि ती आली की मात्र चुकवू नका. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, अटकेची कारणं नोंदवायची, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्ये बजावलं आहे. तरी १९९-अ मध्ये शिक्षा ३ वर्षांपर्यंत असल्याने जामीन हक्काने मिळेलच असं धरून बसू नका. अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी करायचा का, हे वकिलाला शनिवारीच विचारा. काही ठिकाणी बालन्याय कायद्याचं कलम ७५, मुलाकडे दुर्लक्ष केल्याचं, हेही पालकांवर लावतात. तेही वकिलाच्या कानावर घाला.

जबाब लिहून झाला की वाचून दाखवायला सांगा. तारीख, वेळ, ठिकाण, कोण चालवत होतं आणि मुलगा जखमीसोबत दवाखान्यात गेला, ही नोंद त्यात आहे का ते पाहा. शेवटची नोंद विसरू नका. जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं वाहन कायद्याच्या कलम १३४ खालचं कर्तव्य आहे आणि ते मुलाने त्या गडबडीत पाळलं. तपासात घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१. 'इथे सही करा' म्हटलं तर कशावर करतो आहोत ते आधी वाचा. पंचनामा, नोटीस आणि जबाब हे तीन वेगळे कागद असतात.

मुलाला नेताना त्याच्या वयाचा पुरावा बरोबर ठेवा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये हाच क्रम आहे. आधार कार्डावर विसंबू नका. ठाण्यात 'बाल कल्याण पोलीस अधिकारी' कोण ते विचारा. मुलाशी बोलणं त्यांनीच करायचं, साध्या कपड्यांत. लॉकअप नाही, बेडी नाही, ताब्यात घेतलंच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळासमोर. पालकांना कळवायचं, जवळ बसू द्यायचं.

गाडीला हात लावू नका. ठाण्याच्या आवारात उभी असली तरी 'इंडिकेटर बदलून घेतो' म्हणून मेकॅनिक पाठवणारे असतात. आरटीओचा निरीक्षक ब्रेक, टायर आणि मोडतोड पाहून अहवाल देतो. ब्रेक चांगले होते की सैल, यावरही मुलाचा दोष किती हे ठरतं, आणि गाडीची देखभाल मालकाकडे असते. मोबाइलमधले मेसेज पुसू नका, भाऊजींच्या ग्रुपवरचेसुद्धा. 'मी सांगतो मी चालवत होतो' असा मेसेज कुठे पडला असेल तर तो वकिलाला दाखवा. पुसलात तर पुरावा नष्ट केल्याचा नवा प्रश्न उभा राहतो.

आता 'करिअर'. भाऊजींचा सगळा डाव या भीतीवर उभा आहे आणि ती बरीचशी ऐकीव आहे. ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे तो बालन्याय कायदा, २०१५ मध्ये 'किरकोळ' वर्गात बसतो. सज्ञान म्हणून खटला चालवण्याचा विचार १६ ते १८ वयात होतो तो फक्त 'अतिगंभीर' गुन्ह्यात, ज्याला किमान शिक्षाच ७ वर्षं आहे. हा तो नव्हे. उद्या दुर्दैवाने जखमी गृहस्थांचं काही बरंवाईट झालं तर न्याय संहितेचं कलम १०६ लागून कमाल शिक्षा ५ वर्षं होईल, तरीही हा अतिगंभीर ठरत नाही. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनुसार मुलाच्या किरकोळ गुन्ह्यात सहसा एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. तुमच्याकडे मोठ्यांवरही कलम येत असल्याने एफआयआर होऊ शकतो. झाला तर दचकू नका.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. आरोपीचा पिंजरा नसतो. जामीन हा नियम, नाकारायचा तर कायद्यात दिलेली मोजकी कारणंच. चौकशी ४ महिन्यांत पुरी व्हायची, फार तर आणखी २ महिने. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही न संपल्यास ती बंद होते. दोष आढळला तर समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरायचा दंड, पालकांच्या हमीवर चांगल्या वर्तणुकीची देखरेख असे आदेश असतात. विशेष गृहात जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवण्याची तरतूद आहे, पण अशा प्रकरणात ते सगळ्यात टोकाचं पाऊल आहे. आणि ज्याची तुम्हाला धास्ती आहे ते: बालन्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे या दोषामुळे पुढे कुठली अपात्रता येत नाही, अपिलाची मुदत सरली की रेकॉर्ड नष्ट करायचं. कलम ७४ प्रमाणे प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ते उघड करायचं नाही. मुलाचं नाव, फोटो, शाळा छापणं हाच गुन्हा आहे. नोकरीची वाट या कायद्याने मोकळी ठेवली आहे. २५ पर्यंत लायसन नाही, ही गैरसोय खरी आहे आणि ती त्याला सोसावी लागेल. उलट खोट्या पुराव्याच्या कटात तो सापडला तर पहिल्याच दिवशी मंडळाचं त्याच्याविषयीचं मत बिघडतं, आणि सज्ञानांसोबत मिळून केलेल्या गुन्ह्यात एफआयआर ठरलेलाच.

उरला इन्शुरन्स. खरा मोह इथे आहे आणि तो मान्य केलेला बरा. थर्ड पार्टी विमा असला तरी चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं हा विमा कंपनीचा कायदेशीर बचाव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून न्यायाधिकरणं बहुधा असं करतात: कंपनीने जखमीला आधी भरपाई द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी. मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीला दाखवावं लागतं; घरातूनच किल्ली दिली असेल तर ते दाखवणं कठीण नाही. म्हणजे जखमीला पैसे मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण शेवटी ते तुमच्या घरातून जाऊ शकतात. गंभीर दुखापतीला कुणाचा दोष हे न पाहता २.५ लाख रुपये, ही वाहन कायद्याच्या कलम १६४ ची रक्कम आहे. दोष दाखवून कलम १६६ खाली दावा केला तर उपचार, बुडालेली कमाई, अपंगत्व धरून ती वाढते. ही तजवीज आत्तापासून करा. कंपनीला लेखी कळवायचं असतं: पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, जखमीचं नाव, आणि 'वाहन चालवणाऱ्याचं नाव व लायसन क्रमांक'. या शेवटच्या रकान्यात मुलाचं नाव आणि 'लायसन नाही' असं लिहून पोच घ्या.

ज्यांना धडक बसली त्या गृहस्थांचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदा येतो आणि मग घरच्यांची चर्चा सुरू होते. मांडीचं हाड सांधायला महिने लागतात. वॉकर, फिजिओथेरपी, सोबतीला माणूस, बुडालेला रोजगार हा खर्च ऑपरेशनच्या बिलानंतर सुरू होतो. मिस्टर आणि तुम्ही भेटायला जा. भाऊजींना नेऊ नका, चार नातेवाईक नेऊ नका; ते दडपण वाटतं. काय हवं ते विचारा. बिल भरणार असाल तर थेट दवाखान्यात भरा आणि त्यांच्या नावाची पावती घ्या. रोख पाकीट कुणाच्या हातात देऊ नका. 'आमची तक्रार नाही' असा कागद पुढे करू नका. ते माफ करायला तयार झाले तरी २८१ आणि १९९-अ त्यांच्या हातात नाहीत, आणि खाटेवर पडलेल्या माणसाकडून सही घेणं पुढे धमकी म्हणून वाचलं जातं. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे: नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवस, १.५ लाख रुपयांपर्यंत. गुरुवारपासून मोजा, दिवस शिल्लक आहेत. दवाखान्यात आणि तपास अधिकाऱ्याला आजच विचारा. पॉलिसीची प्रत जखमींच्या घरच्यांना द्या आणि दाव्याची मुदत अपघातापासून ६ महिने आहे हेही सांगा. यात तुमचा खिसा हलका होतो, तरी सांगा. त्यांनी भेटायला नकार दिला तर परत या. वकिलामार्फत एक साधं पत्र पाठवा आणि बिलाचं विचारणं चालू ठेवा.

मुलाला पहिल्या भेटीला नेऊ नका. वकिलाशी बोलून, आणि त्या घरच्यांची तयारी असेल तेव्हाच न्या. तोवर त्याला करायला काहीतरी द्या: काय घडलं ते फक्त वकिलासाठी, कागदावर, सलग लिहू दे. मेडिकलकडे निघाल्यापासून दवाखान्यापर्यंत, मत न देता. मित्रांच्या ग्रुपवर एक अक्षर नाही. भाऊजींची योजना रद्द झाली हे त्याला स्पष्ट सांगा. काका आपल्यासाठी तुरुंगात जातील हे ओझं तो आत्ता उचलतो आहे, आणि न जेवण्याचं एक कारण तेच असू शकतं. तुमच्या वाट्याचं त्याच्यासमोर बोला: 'किल्ली मी दिली, त्याचं मी बघते, तू कसा चालवलास त्याचं तू बघायचं.' दोन्ही अर्धी वाक्यं म्हणा. पहिलं गाळलं तर तो एकटा पडतो. दुसरं गाळलं तर सगळं आईने केलं असं म्हणून सुटतो, आणि ते त्याच्या फायद्याचं नाही.

झोप उडाली, खोलीतून बाहेर येत नाही, 'मी नसतो तर बरं' असं काही बोलला, तर वाट पाहू नका. टेली-मानस १४४१६ चोवीस तास आणि मोफत आहे. त्याला एकटं ठेवू नका.

एक शक्यता उरते. ठाण्यातलंच कुणी 'काकांचं नाव टाकू, प्रकरण छोटं होईल' असं सुचवेल. तेव्हा वाद घालू नका, हो-नाही करू नका. मालक म्हणून मिस्टरांनी सही केलेला कलम १३३ चा लेखी अर्ज आधीच तयार ठेवा. दोन ओळी पुरतात: अमुक तारखेला, अमुक वेळी ही गाडी माझा अल्पवयीन मुलगा चालवत होता. वयाचा दाखला जोडा, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात टपालाने, पोचपावतीसह, त्याच दिवशी पाठवा.